लेखणीचे अदिन्नादान

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत सभासद व विद्यार्थी यांच्यासमोर दिलेले व्याख्यान)



यंदाच्या व्याख्यानमालेत विद्यार्थ्यांच्या उपयोगाचे काहीतरी बोला, असे कार्यकारिणीने आम्हांला सांगितले. निबंध स्पर्धा तोंडावर आली आहे, स्मरणिकेसाठी लेख मागवले आहेत, तेव्हा लेखनाविषयी बोला, असा आग्रह झाला. लेख कसा सजवावा, भाषा कशी असावी, हे सांगणारे जाणकार पुष्कळ आहेत. आम्ही त्याच्या अगोदरच्या गोष्टीविषयी बोलणार आहोत. आपण जे लिहितो त्यातले आपले किती, दुसऱ्याचे किती, आणि जे दुसऱ्याचे आहे ते दुसऱ्याचे म्हणून आपण सांगतो का, हा आजचा विषय आहे.

हा विषय आम्हांला पुस्तकात सापडला नाही. तो आमच्या विहाराच्या दारात चालत आला. काही वर्षांपूर्वी आपल्या स्मरणिकेत एका तरुणाचा लेख छापून आला होता. १९५६ सालच्या नागपूरच्या धम्मदीक्षेला गेलेल्या एका कुटुंबाची ती आठवण होती. आजोबांनी सांगितलेली आठवण म्हणून ती लिहिली होती. लेख इतका जिवंत होता की प्रकाशनाच्या सभेत त्याचे वाचन झाले, टाळ्या पडल्या आणि त्या तरुणाला शाल देऊन त्याचा सत्कार झाला. शाल आमच्याच हातून दिली गेली.

पुढच्या रविवारी वंदना संपल्यावर एक वयस्क गृहस्थ विहारात आले. हातात पिशवी, पिशवीत वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी स्मरणिका. दुसऱ्या तालुक्यातल्या एका विहाराने वीसेक वर्षांपूर्वी काढलेली. त्यांनी एक पान उघडून आमच्यासमोर ठेवले. तोच लेख. गावाचे नाव बदललेले, "आई"च्या जागी "पणजी" आलेली, बाकी ओळ न् ओळ तीच. बारा वर्षांचे असताना ते आईबरोबर नागपूरला गेले होते. गाडीभाड्यासाठी आईने पायातले चांदीचे तोडे मोडले होते. लेखात तिचे नाव होते, तोड्यांचे वजन होते, ज्या सोनाराकडे ते मोडले त्या पेठेचे नाव होते. आमच्या स्मरणिकेत यातले एकही नाव उरले नव्हते.

आम्हांला वाटले, आता हे चिडतील. ते चिडले नाहीत. ते म्हणाले, "सेक्रेटरी साहेब, माझं नाव गेलं ते जाऊ द्या. मी काही लेखक नाही. पण माझ्या आईचं नाव सबंध आयुष्यात एकदाच छापून आलं होतं. ते कशाला काढलं?"

बंधुभगिनींनो, या प्रश्नाला आमच्याकडे उत्तर नव्हते. लेखाखाली पुरेसा आधार आहे का, हे आम्ही संपादक म्हणून विचारले नव्हते. म्हणून आजचे हे भाषण म्हणजे आमच्याही चुकीची कबुली आहे, असे समजावे. त्या तरुणाचे नाव आम्ही घेत नाही, आणि त्या गृहस्थांचेही येथे घेत नाही. एक नाव घेतले की दुसरे ओळखू येईल, आणि कोणाची मान खाली घालायला लावणे हा आमचा हेतू नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. आपण दररोज पंचशील ग्रहण करतो. त्यातले दुसरे शील अदिन्नादानापासून विरत राहण्याचे आहे. याचा अर्थ आपण घाईने "चोरी करू नये" असा सांगतो. परंतु शब्द नीट पाहावा. अदिन्न म्हणजे न दिलेले. जे दिलेले नाही ते घेणे म्हणजे अदिन्नादान. पैसा, दागिना, जमीन एवढ्यापुरते हे शील मर्यादित आहे असे त्या शब्दात कोठेही नाही.

यावर काही मित्र आम्हांला म्हणतात, विचार कोणाच्या मालकीचे नसतात. बुद्धाने धम्म मुक्तहस्ताने दिला. धम्मदान हे श्रेष्ठ दान, मग लेख उतरवून घेतला तर बिघडले कोठे? मित्रांनो, यात अर्धे सत्य आहे. लेखकाने विचार दिला, माहिती दिली, शब्दही वाचायला दिले. ते सांगावे, पसरवावे, यासाठीच दिले. परंतु "हे मी लिहिले" असे म्हणण्याचा अधिकार त्याने आपल्याला दिलेला नाही. तेवढी एकच गोष्ट न दिलेली असते, आणि नेमकी तीच आपण उचलतो. दान घ्यावे आणि दात्याचे नाव खोडावे, याला दान घेणे म्हणत नाहीत. आणि दुसऱ्याच्या लेखाखाली स्वतःचे नाव घालताना आपण खोटेही बोलतो. म्हणजे दुसऱ्या शीलाबरोबर चौथेही मोडते.

आपली परंपरा या बाबतीत किती काटेकोर आहे ते पाहा. बहुतेक सुत्तांची सुरुवात "असे मी ऐकले आहे" या अर्थाच्या शब्दांनी होते. आनंदाची स्मरणशक्ती विलक्षण होती. तो पंचवीस वर्षे तथागतांच्या सेवेत होता. त्याने मनात आणले असते तर "असे मी सांगतो" म्हणता आले असते. पण त्याने ऐकणाऱ्याची जागा सोडली नाही. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सपाने उपालीला विनय विचारला आणि आनंदाला धम्म विचारला. कसे विचारले? ब्रह्मजाल सुत्त कोठे सांगितले गेले? राजगृह आणि नालंदा यांच्या दरम्यान, अंबलट्ठिका येथील राजाच्या विश्रामगृहात. कोणाच्या निमित्ताने? सुप्पिय परिव्राजक आणि ब्रह्मदत्त माणवक यांच्या निमित्ताने. आज विद्यापीठात ज्याला संदर्भ देणे म्हणतात, ते याहून वेगळे काय आहे?

महापरिनिब्बान सुत्तात भोगनगर येथे तथागतांनी चार महापदेस सांगितले आहेत. कोणी म्हणेल, हे मी प्रत्यक्ष भगवंतांकडून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक ठिकाणच्या संघाकडून ऐकले, पुष्कळ थेरांकडून ऐकले, किंवा एका थेराकडून ऐकले. अशा वेळी त्याचे म्हणणे लगेच स्वीकारू नये आणि लगेच धिक्कारूही नये. ते सुत्ताशी आणि विनयाशी ताडून पाहावे. आता विचार करा, सांगणाऱ्याने कोणाकडून ऐकले हेच सांगितले नाही, तर ताडून पाहायचे कसे? आधार सांगण्यात नम्रता आहेच, पण त्याचे मोठे कारण हे आहे की ऐकणाऱ्याला तपासता यावे. आधार लपवणारा माणूस ऐकणाऱ्याची प्रज्ञा बंद करतो आणि त्याच्यापाशी फक्त श्रद्धा मागतो.

दूर कशाला जायचे? आपल्या महाराष्ट्रातल्या लेण्यांकडे पाहा. कार्ल्याच्या चैत्यगृहात स्तंभांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. तेथल्या एका लेखात धेनुकाकट येथील सामी नावाच्या सुताराचे नाव आहे, दरवाजाच्या कामासाठी. कान्हेरीला पाण्याची पोढी खोदून दिली तरी देणाऱ्याचे नाव कोरले गेले. राजा, श्रेष्ठी, भिक्खुणी, गृहिणी, सुतार, सर्वांची नावे एकाच दगडात. आणि कर्जतजवळ राजमाचीच्या पायथ्याला कोंडाण्याचे लेणे आहे. तेथे दर्शनी भागातल्या एका भव्य मूर्तीच्या मस्तकाजवळ ब्राह्मी लिपीत लेख आहे. कान्हाचा अंतेवासी बलक याने हे केले, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा कारागीर. छिन्नी त्याची, घाम त्याचा, पण स्वतःचे नाव कोरताना त्याने गुरूचे नाव सोडले नाही. गुरूचे नाव घेतल्याने बलक लहान झाला काय? उलट आज आम्ही दोघांचीही नावे घेत आहोत.

आता बाबासाहेबांकडे येऊ. "बुद्ध अँड हिज धम्म" या ग्रंथाची एक प्रस्तावना बाबासाहेबांनी एप्रिल १९५६ मध्ये लिहिली होती. १९५७ साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला तेव्हा त्यात ही प्रस्तावना नव्हती. ती पुढे भगवान दास यांनी उजेडात आणली. प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी. जगातल्या नामांकित विद्यापीठांच्या पदव्या मिळवलेला हा महापुरुष त्यात सांगतो की, या ग्रंथाच्या मौलिकतेचा दावा मी करीत नाही, सामग्री निरनिराळ्या ग्रंथांतून गोळा केली आहे. अश्वघोषाच्या बुद्धचरिताचा ते मुद्दाम उल्लेख करतात आणि काही प्रसंगांत आपण त्याची भाषाही घेतली आहे हे मोकळेपणाने मान्य करतात. स्वतःकडे ते घेतात फक्त विषयांच्या मांडणीचा क्रम.

याच प्रस्तावनेत ते लहानपणची आठवण सांगतात. इंग्रजी चौथीची परीक्षा पास झाल्यावर झालेल्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. आपल्या मनात बुद्ध कोठून आला, याचाही आधार त्यांनी दिला. शेवटी ते हस्तलिखित पुन्हा पुन्हा टंकलिखित करणाऱ्या नानकचंद रत्तू आणि प्रकाशचंद या दोघांचे आभार मानतात, तेही त्यांच्या गावांच्या आणि जिल्ह्याच्या नावांसकट. आजारातून सावरण्याचे श्रेय ते आपल्या पत्नीला आणि डॉ. मालवणकरांना देतात. मुद्रिते तपासणाऱ्या चिटणिसांनाही ते विसरत नाहीत. प्रकृती ढासळलेली, आयुष्याचे थोडे महिने उरलेले, आणि हा माणूस टंकलेखकाच्या गावाचे नाव लिहितो आहे. आणि दैव असे की हीच प्रस्तावना ग्रंथात आली नाही. कृतज्ञतेची पाने वगळली गेली की इतिहासातून किती माणसे वगळली जातात, याचे हे आपल्याच घरातले उदाहरण आहे.

येथे कोणी चाणाक्ष विद्यार्थी विचारील, त्या ग्रंथात पानोपानी तळटीपा कोठे आहेत? नाहीत, हे खरे. टीकाकारांनी त्यावर बोटही ठेवले. म्हणून भदंत आनंद कौसल्यायन यांनी हिंदी अनुवाद करताना परिश्रमपूर्वक मूळ पाली आधार शोधून काढले. पुढे महाराष्ट्र शासनाच्या ग्रंथमालेतही त्या आधारांची स्वतंत्र पुरवणी निघाली. एका ग्रंथाचे आधार शोधायला विद्वानांना किती श्रम पडले, ते पाहा. आपण आपल्या चार पानांच्या लेखाचे आधार लिहिताना कंटाळा करावा काय?

या दोषाची दुसरी बाजूही तितकीच घातक आहे. दुसऱ्याचे आपल्या नावावर घेणे ही एक बाजू. आपले किंवा भलत्याचेच वाक्य थोरांच्या तोंडी घालणे ही दुसरी. हल्ली मोबाइलवर रोज सकाळी बाबासाहेबांच्या छायाचित्राखाली एखादे सुवचन येते. तथागतांच्या चित्राखालीही येते. कोणत्या ग्रंथातले, कोणत्या भाषणातले, काही पत्ता नसतो. आपण हात जोडून ते पुढे पाठवतो. आपल्या प्रसिद्ध त्रिसूत्रीचेच पाहा. जुलै १९४२ मध्ये नागपूरच्या अखिल भारतीय दलित वर्ग परिषदेत बाबासाहेबांनी इंग्रजीत जे भाषण केले, त्याच्या शेवटी शिक्षण, चळवळ आणि संघटन असा क्रम आहे. आपल्या फलकांवर मात्र शिका, संघटित व्हा, संघर्ष करा असा क्रम रूढ झाला आहे. क्रम बदलल्याने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. बिघडते की नाही हा चर्चेचा विषय होऊ शकतो, परंतु मूळ काय होते हे ठाऊक असल्याखेरीज ती चर्चाच होऊ शकत नाही. वसंत मून यांच्या संपादनाखाली १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचे खंड निघू लागले. कोणी बाबासाहेबांचे वाक्य सांगितले की नम्रपणे विचारा, खंड कोणता, पान कोणते? हा उद्धटपणा नव्हे. महापदेसांची शिकवण हीच आहे.

आपल्या गाण्यांचेही तेच होते. वामनदादा कर्डक शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफत. तरी जयंतीच्या कार्यक्रमपत्रिकेत गाणाऱ्याचे नाव मोठ्या अक्षरांत असते आणि कवीचे नाव नसते. ज्या कवींनी नाव गुंफले नाही, ते तर कायमचे हरवले. तुकोबांच्या काळातल्या सालोमालोची कथा आपल्याला ठाऊक आहे. अभंगातले "तुका" काढून तो स्वतःचे नाव घालीत असे, असे सांगतात. आज सालोमालोचे नाव कशासाठी उरले आहे, ते वेगळे सांगायला नको.

आम्ही हा विषय आपल्या समाजासमोर इतक्या कळकळीने का मांडतो? आपल्या पूर्वजांनी विहिरी खोदल्या, तटबंद्या बांधल्या, लढाया लढल्या, पण पिढ्यान् पिढ्या त्यांची नावे कोठे लिहिली गेली नाहीत. नाव पुसले जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. मग आपणच आपल्या एखाद्या आईचे नाव पुसावे काय?

आता विद्यार्थी मित्रांसाठी व्यवहाराचे बोलू. तथागतांनी राहुलाला खोटेपणाविषयी उपदेश केला. सम्राट अशोकाने बैराटच्या शिलालेखात ज्या सात धम्मग्रंथांची नावे देऊन ते ऐकावेत असे सुचवले, त्यांत राहुलाला असत्याविषयी केलेला उपदेश आहे. आरसा जसा पाहण्यासाठी, तसे प्रत्येक कर्म करण्यापूर्वी, करताना आणि केल्यानंतर तपासून पाहावे, हे त्या उपदेशाचे सार आहे. लेखनाला तेच लावू.

लिहिण्यापूर्वी एक वही करा. कोणतेही पुस्तक वाचताना अगोदर लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष आणि पान टिपून घ्या, मग मजकूर टिपा. मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवले असेल तर लगेच अवतरणचिन्हे घाला. सहा महिन्यांनी ते वाक्य आपले की पुस्तकातले, हे तुम्हांलाच आठवणार नाही. निम्मी उचलेगिरी अशा अर्धवट टिपणांतून होते.

लिहिताना तीन गोष्टी सांभाळा. शब्द दुसऱ्याचे असतील तर अवतरण आणि नाव, दोन्ही द्या. शब्द तुमचे पण विचार दुसऱ्याचा असेल, तरीही नाव द्या. चार शब्द इकडचे तिकडे केल्याने विचार आपला होत नाही. अनुवाद वापरला तर अनुवादकाचे नाव, छायाचित्र वापरले तर छायाचित्रकाराचे नाव, गाणे छापले तर कवीचे नाव. कोणा वडीलधाऱ्याने तोंडी सांगितलेली माहिती असेल, तर त्यांची परवानगी घेऊन त्यांचे नाव, गाव आणि केव्हा सांगितले ते लिहा. मात्र सर्वांना ठाऊक असलेल्या गोष्टींना आधार लागत नाही. बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला, याला तळटीप नको. हल्ली संगणकाला प्रश्न विचारला की तो आख्खा लेख लिहून देतो. त्याची मदत घेतली असेल तर तसे सांगा, आणि त्याने दिलेला प्रत्येक संदर्भ मूळ पुस्तकात पाहिल्याशिवाय वापरू नका.

लिहून झाल्यावर पुन्हा एकदा आरशात पाहा. प्रत्येक परिच्छेदाला विचारा, तू कोणाचा? उत्तर मिळाले नाही तर तो परिच्छेद काढून ठेवा. पानभर उसने लिहिण्यापेक्षा स्वतःच्या दहा ओळी मोलाच्या. धम्मपदात दुसऱ्याच्या गायी मोजणाऱ्या गुराख्याचा दृष्टान्त आहे. पुष्कळ पाठ केले पण आचरले नाही, त्याची गत त्या गुराख्यासारखी. दूध त्याच्या वाट्याला येत नाही. उतरवून काढलेल्या निबंधाचेही तेच आहे. बक्षीस मिळते, विचार करायची सवय मिळत नाही.

कायद्याचेही थोडे सांगतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमाने लेखकाला आपल्या कृतीचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार दिला आहे, आणि हक्क दुसऱ्याला विकले तरी तो अधिकार त्याच्यापाशी राहतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली केलेल्या नियमांनुसार प्रबंधात साठ टक्क्यांहून अधिक मजकूर उचललेला आढळला, तर त्या विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द होऊ शकते. आपल्या घरातून पहिल्यांदाच संशोधनापर्यंत पोहोचलेल्या मुला-मुलींनी हे ध्यानात ठेवावे. त्यांच्यावर साऱ्या घराची आशा असते. परंतु केवळ शिक्षेच्या भीतीने पाळलेले शील फार टिकत नाही. ते समजून पाळावे.

शेवटी त्या तरुणाचे सांगतो. आम्ही त्याला बोलावले. तो रडवेला झाला. म्हणाला, "काका, शाळेत आम्ही गाईडमधले निबंध पाठ करून लिहायचो आणि पैकीच्या पैकी मार्क मिळायचे. हे चुकीचं आहे असं कोणी सांगितलंच नाही." त्याच्या या बोलण्याने आम्ही मोठ्या माणसांनी खाली पाहिले. दोष हा दोष म्हणून ओळखावा आणि तो कबूल करून पुढे संयम पाळावा, यातच वाढ आहे, असे तथागतांनी सांगितले आहे. तो आपण होऊन त्या गृहस्थांच्या घरी गेला, शाल त्यांच्यापुढे ठेवली आणि माफी मागितली. त्यांनी शाल परत त्याच्याच खांद्यावर घातली आणि म्हणाले, "बाळ, आता बस. माझ्याकडे अजून पुष्कळ आठवणी आहेत, त्या लिहून घे. खाली दोघांचं नाव घाल." पुढच्या वर्षीच्या स्मरणिकेत मूळ लेख पहिल्या पानापासून छापला, त्यांच्या नावाने, त्यांच्या आईच्या नावासह. शेजारी चौकटीत आमची दिलगिरी होती. आणि त्यानंतरच्या वर्षी एक नवी आठवण आली. सांगणाऱ्याचे नाव वर होते, शब्दांकन करणाऱ्याचे खाली.

कार्यकारिणीला आमची विनंती आहे की, यापुढे स्मरणिकेसाठी येणाऱ्या प्रत्येक लेखाबरोबर लेखकाकडून आधारांची यादी घ्यावी, आणि निबंध स्पर्धेत आधार नोंदवण्यासाठी वेगळे गुण ठेवावेत. ज्याने प्रामाणिकपणे चार नावे लिहिली, त्याला शाबासकी मिळू द्या. कोंडाण्याच्या बलकाने दगडावर जे केले, ते आपल्या मुलांनी कागदावर करावे, एवढीच अपेक्षा आहे.

 या भाषणात चांगले जे असेल ते ज्यांची नावे आम्ही घेतली त्यांचे आहे. उणे जे असेल ते आमचे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम.